पावती नीट, यादी गळकी: सिरीयल प्रिंटरचा फ्लो कंट्रोल दुरुस्त करताना

सोयाबीनचा हंगाम भरात होता. मोंढ्यातल्या एका आडत दुकानातून फोन आला. मालक म्हणाले, "पावती तर चांगली निघूलाली, यादीच मधूनच गायब होऊलाली." जाऊन पाहिलं तर रोजच्या आवकेच्या यादीत तिसेक ओळींपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. त्यापुढे एका शेतकऱ्याचं अर्धं नाव आणि त्याला चिकटून दुसऱ्याच्याच मालाचं वजन. खालची बेरीज मात्र बरोबर, कारण ती संगणकाने केलेली. दुकानातला मुलगा रोज संध्याकाळी पेनाने नावं भरत बसायचा. आधी येऊन गेलेल्या दुरुस्तीवाल्याने प्रिंटरचं हेड बदललं होतं, रिबन बदलली होती.

मी केबलचं हुड, म्हणजे टोकाच्या पिनांवरचं झाकण, उघडलं. संगणकाकडच्या टोकाला ७ आणि ८ नंबरच्या पिना एका तारेच्या तुकड्याने जोडलेल्या होत्या, ४ आणि ६ दुसऱ्या तुकड्याने. प्रिंटरकडून येणाऱ्या वायरी फक्त दोन. प्रिंटर "थांबा" म्हणत होता, पण ते संगणकापर्यंत पोचायला वाटच नव्हती.

असे जंपर मी परभणी, जालना, लातूर, हिंगोली अशा कितीतरी ठिकाणी काढले आहेत: भुईकाट्याच्या केबिनमध्ये, जिनिंगमध्ये, कारखान्याच्या ऊसकाट्यावर. जंपर मारला की प्रिंटर लगेच चालू होतो, म्हणून तो मारण्याचा मोह होतो. पण तसा चालू केलेला प्रिंटर दुरुस्त झालेला नसतो, त्याचं तोंड फक्त बंद केलेलं असतं. हा लेख ज्यांच्याकडे अजून डॉसवरचा (विंडोजच्या आधीची, आज्ञा टंकून चालवायची प्रणाली) किंवा जुन्या विंडोजवरचा हिशोब आणि सिरीयल, म्हणजे एका वायरीवरून एकामागून एक बिट घेणारा, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे त्यांच्यासाठी आहे. मल्टिमीटर धरता येत असेल आणि सोल्डरिंग जमत असेल तर सगळं घरच्या घरी होतं.

गळती नेमकी कुठून होते

हिशोब साधा आहे. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, ८ बिट, पॅरिटी (चूक तपासायचा जादा बिट) नाही आणि अक्षराचा शेवट सांगणारा १ स्टॉप बिट धरला तर एका अक्षराला सुरुवातीच्या बिटासह १० बिट लागतात. म्हणजे वायरीतून सेकंदाला ९६० अक्षरं येतात. प्रिंटर सेकंदाला २०० अक्षरं छापतो असं धरू. उरलेली ७६० अक्षरं दर सेकंदाला प्रिंटरच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जमतात. बफर २ केबीचा, म्हणजे २०४८ अक्षरांचा असेल तर तो पावणेतीन सेकंदांच्या आतच भरतो. तोवर संगणकाने सुमारे २६०० अक्षरं पाठवलेली असतात. ८० अक्षरांच्या ओळी धरल्या तर त्या झाल्या साधारण ३२.

मोंढ्यातली यादी तिशीच्या आसपास का तुटायची ते यातून कळतं. पावती जेमतेम पाचसहाशे अक्षरांची. ती बफरमध्ये सुखाने मावते, म्हणून पावतीला कधीच काही होत नाही.

रात्रीची लाइट आल्यावर दारं धरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वाफा भरला की मोटारीवरच्या माणसाला हाक द्यावी लागते. हाक पोचली नाही तर पाणी बांध फोडून जातं. फ्लो कंट्रोल म्हणजे ती हाक. ती दोन तऱ्हांनी देता येते. पहिली हार्डवेअरची: प्रिंटर एका वेगळ्या वायरीवरचा व्होल्टेज पालटतो. दुसरी सॉफ्टवेअरची: प्रिंटर मजकुराच्याच उलट्या वायरीवरून संगणकाला एक खास अक्षर पाठवतो. थांबण्यासाठी एक्सऑफ, ज्याचा कोड १९, आणि पुन्हा सुरू करण्यासाठी एक्सऑन, कोड १७. कीबोर्डवर कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू दाबल्यावर हेच दोन कोड जातात.

आधी रोग ओळखा

सेटिंगला हात लावण्याआधी कागदाकडे नीट पाहा. पहिल्या अक्षरापासूनच कचरा येत असेल तर तो फ्लो कंट्रोलचा दोष नव्हे. बॉड, पॅरिटी किंवा डेटा बिट जुळत नाहीत. सुरुवात स्वच्छ आणि ठरावीक मजकुरानंतर गळती, असं असेल तर फ्लो कंट्रोलच. काहीच छापलं जात नसेल किंवा डॉस थोडा वेळ थांबून चूक दाखवत असेल तर उलटा प्रकार: संगणक "तयार" या इशाऱ्याची वाट पाहतोय आणि तो येत नाही. आणि मध्येच कुठेही, कधी तिसऱ्या ओळीत तर कधी नव्वदाव्या, एखाददुसरं अक्षर बिघडत असेल तर अर्थिंग, सैल पिन किंवा फार लांब केबल यांच्याकडे पाहा.

डोळ्यांवर विसंबू नका, चाचणीची फाइल करा. डॉसवरच्या क्यूबेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत १ ते ३०० चा लूप लावा आणि प्रत्येक ओळीत आधी ओळीचा क्रमांक, मग ओळ भरेपर्यंत ए ते झेड अशी अक्षरं फाइलमध्ये लिहून घ्या. ती डॉसवरून कॉम१ वर, म्हणजे पहिल्या सिरीयल पोर्टवर, पाठवा. आज्ञा इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकायच्या. इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत:

कॉपी /बी चाचणी.टेक्स्ट कॉम१

/बी विसरू नका. ते नसेल तर फाइलमध्ये २६ हा कोड आला की डॉस फाइल संपली असं समजून थांबतं आणि आपण भलत्याच दोषाच्या मागे लागतो.

पहिली तुटकी ओळ कोणती ते लिहून ठेवा. चाचणी तीनदा करा. तिन्ही वेळा साधारण त्याच ओळीशी तुटलं तर बफर भरतोय हे पक्कं. दरवेळी वेगळ्या ठिकाणी तुटलं तर वायरीतला गोंगाट.

मग खातरजमा म्हणून बॉड १२०० वर आणा, प्रिंटरवरही आणि संगणकावरही. आता सेकंदाला १२० अक्षरंच येतात. प्रिंटर त्याहून वेगाने छापतो, म्हणून बफर बहुधा भरतच नाही आणि यादी अखंड निघते. ९६०० ला गळती आणि १२०० ला नाही, यापेक्षा स्पष्ट साक्ष मिळणार नाही. ऐन हंगामात दुकान अडलं असेल तर तात्पुरतं १२०० वर चालवायलाही हरकत नाही. मात्र कागद संपला किंवा अडकला तर तिथेही गळेल, हे मालकाला सांगून ठेवा.

यात एक गोष्ट इकडच्या उन्हाळ्याची आहे. अनेक डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांच्या हेडमध्ये तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो. हेड तापलं की प्रिंटर छपाई हळू करतो किंवा मध्ये थांबतो. मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये, बाहेर ४२-४३ अंश असताना, हे सहज होतं. ढोबळ हिशोब करून पाहा: २५०० अक्षरांची यादी ९६०० ला २.६ सेकंदांत येते. प्रिंटर २०० च्या वेगाने चालत असेल तर तोवर ५२० अक्षरं छापून होतात, १९८० उरतात, आणि २०४८ च्या बफरमध्ये ती मावतात. हेड तापून वेग १०० वर आला तर २६० च छापून होतात, २२४० उरतात, आणि जवळपास १९० अक्षरं, म्हणजे दोन-अडीच ओळी सांडतात. "दिवाळीत नीट चालतो, उन्हाळ्यात बिघडतो" ही तक्रार ऐकली की मी आता हेड बदलत नाही, आधी केबल उघडतो.

केबल जोडण्याआधी अर्थिंग

ही पायरी गाळू नका. संगणक आणि प्रिंटर दोघांनाही नीट अर्थ नसेल तर त्यांच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरमुळे लोखंडी सांगाड्यावर निम्म्या सप्लायइतका, ११० व्होल्टच्या आसपासचा दाब तरंगतो. हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या याच. करंट अगदी थोडा असतो, पण केबल लावताना ग्राउंडच्या पिनेआधी दुसरी पिन टेकली तर पोर्टचा आयसी जाळायला तेवढा पुरतो.

केबल काढून ठेवा, दोन्ही यंत्रं चालू करा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून एक टोक संगणकाच्या सांगाड्याला, दुसरं प्रिंटरच्या सिरीयल पोर्टच्या धातूच्या कडेला लावा. दोनतीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी अर्थिंग करा. दोघांचा प्लग एकाच बोर्डावर घ्या, अर्थची पिन तोडलेली असेल तर बदला. आपल्या काळ्या मातीत एप्रिल-मेमध्ये हातभर भेगा पडतात, अर्थिंगची पट्टी मातीपासून सुटते आणि रोध वाढतो. खड्ड्यात मीठ-कोळसा असला तरी उन्हाळ्यात पाणी ओतत राहावं लागतं. भुईकाट्यावर तर हे फार महत्त्वाचं, कारण तिथे लोडसेलचा (वजन मोजणाऱ्या सेन्सरचा) इंडिकेटर, संगणक आणि प्रिंटर अशी तीन यंत्रं एकमेकांना जोडलेली असतात.

केबल नेहमी दोन्हीकडची वीज बंद करून, प्लग काढूनच लावा आणि काढा. जून महिन्याच्या विजांत तर संध्याकाळी केबल काढून ठेवलेली बरी.

पिना मोजा

आरएस-२३२ मध्ये, म्हणजे सिरीयल पोर्टच्या मानकात, व्होल्टेज उलटसुलट असतो. +३ ते +१५ म्हणजे नियंत्रणाच्या वायरीवर "हो, तयार". -३ ते -१५ म्हणजे "नाही". मजकुराची वायर मोकळी असताना ऋण असते, साधारण -५ ते -१२ दरम्यान. एवढ्यावर अर्धी दुरुस्ती होते.

प्रिंटरला सहसा २५ पिनांचा पोर्ट असतो. केबल काढून प्रिंटर चालू करा. मीटर डीसी २० व्होल्टवर, काळं टोक ७ नंबरला, कारण तो ग्राउंड. लाल टोक २ वर लावा. स्थिर ऋण व्होल्टेज दिसला तर प्रिंटर या पिनेवरून बोलतो. शून्याच्या जवळ दिसलं तर प्रिंटरचा ड्रायव्हर आयसी गेलेला असू शकतो. जुन्या बोर्डांवर तो १४८८ असतो, नंतरच्यांवर मॅक्स२३२ किंवा त्याचा भाऊबंद. दोन्ही स्वस्त आहेत आणि सॉकेटवर असतील तर दोन मिनिटांत बदलतात.

आता लाल टोक २० नंबरवर, म्हणजे डीटीआर या "मी तयार" सांगणाऱ्या पिनेवर. प्रिंटर ऑनलाइन असताना तिथे धन व्होल्टेज हवा. ऑनलाइनचं बटण दाबून ऑफलाइन करा. व्होल्टेज ऋण झाला तर हीच तुमची "थांबा"ची वायर. तो हलला नाही तर ११, मग १९, मग ४ या पिना तशाच तपासा. काही कंपन्यांच्या प्रिंटरांत बिझीचा, म्हणजे "थांबा"चा, इशारा ११ वर येतो, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक २० नंबरची वायर पुन्हा पुन्हा सोल्डर करत बसतात.

इथे एक खोडा आहे. काही प्रिंटर ऑफलाइन झाले तरी बफर भरेपर्यंत बिझी दाखवत नाहीत. एकही पिन हलत नसेल तर प्रिंटरमधला कागद काढा, साधी तीन वायरींची केबल लावा, संगणकाकडे जंपर ठेवा आणि चाचणीची फाइल सोडा. मजकूर जात असताना २०, ११, १९ आणि ४ एकेक करून पाहा. भरलेल्या बफरवर जी पिन धनाची ऋण होते ती तुमची. मीटरची टोकं लावायला हुड उघडं ठेवावं लागेल, तेवढं जपून. जंपरचा खरा उपयोग हाच आणि एवढाच: चाचणीपुरता. चाचणी झाली की काढून टाका.

कोणतीच पिन हलली नाही तर प्रिंटर सॉफ्टवेअर पद्धतीवर लावलेला असेल. प्रिंटरमधले छोटे डिप स्विच किंवा मेनू पाहा. बहुतेक प्रिंटरांत डीटीआर की एक्सऑन-एक्सऑफ असा एक स्विच असतो; काहींत बिझीची ध्रुवता पालटायचाही असतो. आणि स्विच नेहमी वीज बंद करून हलवा. प्रिंटर ते चालू होतानाच वाचतो. चालू प्रिंटरवर स्विच हलवून "काही फरक नाही" म्हणणारे पुष्कळ पाहिले आहेत.

खरी केबल

संगणकाकडे ९ पिनांचा पोर्ट, जो १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून रुळला, आणि प्रिंटरकडे २५ पिनांचा, बिझी २० वर. अशा जोडीसाठी मी नेहमी ही केबल करतो. आधी संगणकाची पिन, मग प्रिंटरची:

३ ते ३, संगणकाकडून जाणारा मजकूर
२ ते २, प्रिंटरकडून येणारा मजकूर
५ ते ७, ग्राउंड
८ आणि ६ एकत्र करून २० ला, बिझी
४ ते ६, संगणक चालू असल्याचा इशारा
७ ते ५

पहिल्या दोन ओळी वाचून पुष्कळांना वाटतं की वायरी ओलांडायच्या राहिल्या. राहिलेल्या नाहीत. ९ पिनांच्या पोर्टवर ३ नंबर पाठवतो, २५ पिनांच्या पोर्टवर ३ नंबर ऐकतो. ओलांडणं क्रमांकांतच झालेलं आहे. संगणकाकडेही २५ पिनांचा पोर्ट असेल तर मात्र २ ते ३, ३ ते २, ७ ते ७, ५ आणि ६ एकत्र करून २० ला, २० ते ६, ४ ते ५ असं करा. बिझी ११ वर असेल तर २० ला येणारी वायर ११ ला लावा, बाकी काही बदलत नाही.

८ आणि ६ एकत्र का? ८ म्हणजे सीटीएस, "पाठवायला हरकत नाही" हा इशारा; ६ म्हणजे डीएसआर, "समोरचं यंत्र तयार" हा इशारा. डॉसच्या मुळाशी असलेलं बायोस, म्हणजे संगणकाच्या चिपमधला मूळ प्रोग्रॅम, अक्षर पाठवण्याआधी दोन्ही पाहतं. विंडोजच्या प्रिंटर पोर्टवर हार्डवेअर पद्धत निवडली की तेही दोन्ही पाहतं. लिनक्स फक्त सीटीएस पाहतं. दोन्ही पिना बिझीला बांधल्या की केबल कुठेही चालते.

बाजारात तयार मिळणारी नल मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडायची) इथेच फसवते. तिच्यात प्रिंटरचा डीटीआर संगणकाच्या डीएसआरला जातो, आणि सीटीएसला मिळतो प्रिंटरचा आरटीएस ("पाठवू का" हा इशारा), जो बहुतेक प्रिंटरांत कायम धन असतो. डॉसवर ती नीट चालते, आणि तीच केबल लिनक्सवर लावली की यादी गळायला लागते.

लांबी १५ मीटरच्या आत ठेवा. काट्याच्या केबिनपासून ऑफिस लांब असेल तर बॉड कमी करा आणि जाळीचं आवरण असलेली केबल घ्या. जाळी एकाच टोकाला, संगणकाच्या सांगाड्याला जोडा. थ्री फेज मोटारीच्या वायरीला समांतर ओढू नका.

संगणकाचं सेटिंग

डॉसवर ऑटोएक्झेक.बॅटमध्ये या दोन ओळी:

मोड कॉम१:९६००,एन,८,१,पी
मोड एलपीटी१:=कॉम१:

शेवटचा पी सगळ्यात मोलाचा. तो नसेल तर प्रिंटर थोडा वेळ बिझी राहताच डॉस कंटाळून चूक दाखवतं. पी असला की ते प्रिंटर तयार होईपर्यंत प्रयत्न करत राहतं. दुसरी ओळ फक्त ज्यांचं सॉफ्टवेअर एलपीटी१ वरच, म्हणजे पॅरलल प्रिंटर पोर्टवरच, छापतं त्यांना लागते. फॉक्सप्रोमधल्या हिशोबात सेट प्रिंटर टू कॉम१ असं थेट लिहिता येतं. क्यूबेसिकमधून पोर्ट उघडत असाल तर ओपनच्या ओळीत सीएस आणि डीएस (सीटीएस आणि डीएसआरची वाट पाहायची मुदत) यांच्यापुढचे आकडे मोठे, ६५५३५ पर्यंत ठेवा. न दिल्यास तो १ सेकंदच वाट पाहतो आणि "डिव्हाइस टाइमआउट" म्हणतो. तिथे ० लिहिलेलं सापडलं तर समजा की कुणीतरी सॉफ्टवेअरमध्येच जंपर मारलाय.

एक महत्त्वाची गोष्ट: डॉसच्या या वाटेवर एक्सऑन-एक्सऑफ चालत नाही. बायोसला ते कळत नाही. प्रिंटर कितीही वेळा एक्सऑफ पाठवो, डॉस ऐकणार नाही. म्हणून डॉस असेल तर प्रिंटरचा स्विच डीटीआरवरच हवा.

विंडोज ९८ किंवा एक्सपीवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टच्या सेटिंगमध्ये फ्लो कंट्रोलच्या जागी हार्डवेअर निवडा, आणि प्रिंटरच्या पोर्ट्स या टॅबमधूनही तेच पुन्हा पाहा. एक्सपीच्या काळ्या खिडकीत चालणाऱ्या डॉस प्रोग्रॅमसाठी मोड आज्ञेतच ओडीएसआर=ऑन ओसीटीएस=ऑन असं लिहावं लागतं.

लिनक्सवर:

एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवायएस० ९६०० सीएस८ -पॅरेनबी -सीस्टॉपबी सीआरटीएससीटीएस -आयएक्सऑन

भुईकाट्याची काही जुनी सॉफ्टवेअरं बायोसला बाजूला सारून थेट पोर्टच्या चिपवर लिहितात आणि सीटीएसकडे पाहतच नाहीत. केबल बरोबर, प्रिंटर बरोबर, डॉसच्या कॉपीने चाचणीची फाइल अखंड, पण त्या सॉफ्टवेअरमधून गळती, असं दिसलं तर दोष तिथे आहे. मग अहवाल आधी फाइलमध्ये काढून तो कॉपीने छापणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. तो नसेल तर १२०० बॉड.

एक्सऑन-एक्सऑफ वापरायचाच असेल तर

जुन्या युनिक्सच्या यंत्रांवर ही पद्धत सर्रास होती आणि नीट लावली तर चांगली चालते. तिला तीनच वायरी लागतात, पण तिन्ही लागतात. प्रिंटरच्या २ नंबरवरून येणारी वायर "प्रिंटर कशाला बोलेल" म्हणून गाळलेली असते, आणि मग एक्सऑफ हवेत जातो. संगणकाकडे एसटीटीवायमध्ये आयएक्सऑन चालू आणि आयएक्सएनी बंद ठेवा. आयएक्सएनी चालू असेल तर कोणतंही अक्षर, अगदी वायरीतल्या गोंगाटातून उमटलेलंही, थांबलेली छपाई पुन्हा सुरू करतं.

या पद्धतीत एक अडकण होते. प्रिंटरने एक्सऑफ पाठवला आणि तेवढ्यात लाइट गेली. संगणक यूपीएसवर, प्रिंटर नाही. लाइट आली, पण संगणक एक्सऑनची वाट पाहत बसलेला. काही प्रिंटर चालू होताना एक्सऑन पाठवतात, सगळे नाही. प्रिंटर ऑफलाइन करून पुन्हा ऑनलाइन करून पाहा. नाही सुटलं तर छपाईचं काम रद्द करून पोर्ट पुन्हा उघडा. भारनियमनाच्या भागात मी म्हणूनच शक्य तिथे हार्डवेअर पद्धत लावतो. तिच्यात प्रिंटर बंद पडला की डीटीआर आपोआप खाली जातो आणि आला की आपोआप वर येतो, मागचं काही उरत नाही.

मराठी छापताना

मराठीतल्या याद्यांना दोन जास्तीची दुखणी आहेत. इंग्रजी आकडे स्वच्छ आणि मराठी नावांच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं, असं आलं तर डेटा बिट ७ वर आहेत. इस्कीमध्ये, म्हणजे १९९१ च्या भारतीय मानकात, देवनागरी अक्षरांचे कोड १६१ पासून पुढे आहेत आणि त्यांना आठवा बिट लागतो. दोन्हीकडे ८ करा. हा दोष फ्लो कंट्रोलचा नाही, पण तक्रार त्याच नावाने येते.

दुसरं दुखणं मराठी चित्रासारखी छापली जाते तेव्हाचं. ८ इंचांची ओळ १२० ठिपके प्रति इंच या घनतेने ९ पिनांच्या हेडवर छापायला एका फेरीला ९६० बाइट लागतात, म्हणजे ९६०० ला पूर्ण एक सेकंद. मात्रा-वेलांट्यांमुळे एका ओळीला दोन-तीन फेऱ्या होतात. हेड फेरी मारून थांबतं, पुन्हा फेरी मारतं. लोकांना वाटतं प्रिंटर अडखळतोय. तसं नाही, त्याला मजकूर पुरत नाही. बफर इथे भरत नाही, रिकामा पडतो. केबल बरोबर झाल्यावर दोन्हीकडे बॉड १९२०० करा.

पण चित्रात एक बाइट जरी गळला तरी मोठं नुकसान होतं. संगणकाने आधी सांगितलेलं असतं की पुढचे ९६० बाइट चित्राचे. एक कमी पडला तर प्रिंटर पुढच्या ओळीच्या आज्ञेतला पहिला बाइट चित्र म्हणून गिळतो, मग उरलेली आज्ञा त्याला कळत नाही आणि पानभर कचरा येतो. मजकुराच्या छपाईत खपून गेलेली गळती इथे ताबडतोब उघडी पडते. अशा वेळी हेक्स डंप कामाला येतो. बऱ्याच एप्सन प्रिंटरांत लाइन फीड आणि फॉर्म फीडची बटणं दाबून ठेवून प्रिंटर चालू केला की तो आलेला प्रत्येक बाइट आकड्यांत छापतो. मॉडेलप्रमाणे बटणं बदलतात. या अवस्थेत छपाई फार हळू होते, बफर लगेच भरतो, म्हणून फ्लो कंट्रोलची परीक्षाही आपोआप होते.

नव्या संगणकाला यूएसबी कन्व्हर्टर

घेताना एकच विचारा: नऊच्या नऊ पिना जोडलेल्या आहेत का? स्वस्तातल्या काहींत फक्त २, ३ आणि ५ असतात. विकत घेण्याआधी दुकानातच ७ आणि ८ जोडून टर्मिनलच्या प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल लावून काही अक्षरं पाठवा, मग जोड काढून पुन्हा पाठवा. जोड काढल्यावर पाठवणं थांबलं तर कन्व्हर्टर सीटीएस पाहतो. न थांबला तर घेऊ नका.

शेवटची परीक्षा

मालकाच्या हातात प्रिंटर देण्याआधी ३०० ओळींची फाइल ९६०० ला सोडा. चाळिसाव्या ओळीच्या आसपास ऑफलाइन करा आणि चहा घेऊन या, किमान दहा मिनिटं. परत येऊन ऑनलाइन करा. शंभराव्या ओळीला कागद काढून घ्या, पाच मिनिटांनी नवीन कागद लावा. दीडशेच्या पुढे प्रिंटरचं झाकण उघडून पाहा. मग सगळे ३०० क्रमांक बोट ठेवून मोजा. एकही गळता कामा नये. बटण दाबतानाची ओळ अर्धी छापून पुढे चालू झाली तर चालेल, अक्षर हरवलेलं चालणार नाही.

मोंढ्यातल्या दुकानात हे सगळं झालं तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. त्या दिवशीची १४२ नावांची यादी निघाली आणि मुलाने ती शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्यांशी एकेक करून ताडून पाहिली. मी जुन्या केबलमधले दोन्ही जंपर कापले. नव्या केबलच्या हुडावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर पिनांची जोडणी, "९६००, ८, एन, १, डीटीआर" आणि तारीख लिहिली. वरून पारदर्शक टेप लावला, म्हणजे पुढे येणाऱ्या माणसाला हुड उघडावंच लागू नये.